वैद्यरत्न शंकुण्णि वारियर आणि कोट्टक्कलची पाठशाळा

गोमंतकातून दक्षिणेकडे गेलेल्या आपल्या पूर्वजांचा वृत्तांत ज्यांनी वाचला आहे, त्यांना कोची शहर परके नाही. तेथील कोकणी समाजातील रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांची नावे सतराव्या शतकातील एका मोठ्या ग्रंथात छापली गेली. मलबारचा डच अधिपती व्हान ऱ्हीड याने त्या प्रदेशातील वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला, तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या तिघांनी व इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने त्याला वनस्पतींची नावे व गुणधर्म सांगितले. तिघा पंडितांची कोकणी भाषेतील व नागरी लिपीतील साक्ष पहिल्या खंडात आजही पाहावयास मिळते. मलबारच्या वैद्यकाशी आपल्या समाजाचा असा तीनशे वर्षांहून जुना ऋणानुबंध आहे. तथापि या तिघांनी आपली विद्या ज्या शिष्यांना दिली असेल त्यांची कोठे नोंद नाही, आणि त्यांच्या नावाने चालणारी पाठशाळाही नाही. ज्ञान परदेशी ग्रंथात गेले म्हणून वाचले. घरी राहिले ते घराबरोबर विरून गेले.

वैद्यकाच्या बाबतीत ही कथा सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच आहे. पणजी येथे १८४२ साली वैद्यकशाळा स्थापन झाली. तिच्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती शिक्का-मोर्तबाची सनद असे. गावच्या वैद्याची सनद मात्र त्याच्या वडिलांचे नाव हीच. औषधाचा पाठ बापाने मुलाला सांगावा, तोही बहुधा उतारवयात, आणि मुलाने तो बाहेर फोडू नये, अशी रीत. मुलगा लिसेवात शिकून कचेरीत चिकटला, की बाडे माळ्यावर जात आणि पुढे वाळवीच्या स्वाधीन होत. या रीतीमुळे किती उत्तम योग नष्ट झाले याची गणती कोणी करू शकणार नाही. म्हणूनच, ज्या एका पुरुषाने स्वतः याच जुन्या रीतीने विद्या संपादन केली आणि मग ती घराच्या चार भिंतींतून काढून वर्गात, रुग्णालयात व छापील पुस्तकात आणली, त्याचे चरित्र धन्वंतरीचे नाव आदराने घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबात माहीत असावयास हवे.

पन्नियिनपळ्ळी शंकुण्णि वारियर, अर्थात वैद्यरत्न पी. एस. वारियर यांचा जन्म १६ मार्च १८६९ रोजी कोट्टक्कल येथे झाला. त्या वेळी हा भाग मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात मोडत असे. आज तो केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आहे. कालिकतच्या झामोरीन राजघराण्याची एक शाखा, पूर्वेचा कोविलकम्, कोट्टक्कल येथे राहात असे आणि गावाचे सारे जीवन त्या राजवाड्याभोवती व शिवमंदिराभोवती फिरत असे. वारियर ही जात अंबलवासींपैकी, म्हणजे देवळाच्या सेवेवर उपजीविका करणाऱ्यांपैकी. देवासाठी हार गुंफणे, गर्भागाराबाहेरची कामे पाहणे हे त्यांचे परंपरागत कर्तव्य. आपल्याकडील देवस्थानांत जसे निरनिराळ्या सेवांचे मानकरी असतात, तसाच हा प्रकार समजावा. या सेवेमुळे त्या जातीत संस्कृताचे अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते. वंश व मिळकत आईच्या बाजूने चालत. मामाची गादी भाच्याकडे जाई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण या चरित्राच्या शेवटी तिचा संबंध येणार आहे.

संस्कृताचे प्राथमिक अध्ययन झाल्यावर शंकुण्णि वैद्यक शिकण्यासाठी कुट्टंचेरी येथील वासुदेवन मूस यांच्या घरी राहिले. केरळात अष्टवैद्य म्हणून ओळखली जाणारी काही ब्राह्मण घराणी आहेत. वैद्यकाची आठही अंगे जाणणारे म्हणून हे नाव. चरक आणि सुश्रुत यांच्यापेक्षा वाग्भटाचे अष्टांगहृदय हाच त्यांचा प्राण. विद्यार्थ्याने आधी तो ग्रंथ मुखोद्गत करावा, अर्थ मागाहून समजावा. गुरूच्या घरी राहावे, पहाटे उठून पाठ म्हणावा, काढ्यासाठी मुळ्या कुटाव्यात, तेल कोणत्या पाकापर्यंत आले हे बोटांनी ओळखण्यास शिकावे, आणि रोग्यासमोर गुरू काय पाहतात व काय विचारतात ते मुकाट्याने न्याहाळावे. पुस्तकात नसलेला भाग याच रीतीने शिकला जातो. तेलाचा मृदू पाक आणि खर पाक यांतील अंतर श्लोकात सांगता येते, पण हाताला समजते ते दहा वेळा तेल बिघडवल्यानंतरच. ब्राह्मण आचार्यांच्या घरी देवळाच्या सेवेकऱ्याचा मुलगा शिकत होता, हेही त्या काळाच्या मानाने लक्षात घेण्यासारखे आहे. शंकुण्णि यांनी तेथे काही वर्षे काढून गुरुगृहीची विद्या पुरी केली आणि ते गावी परतले.

एवढ्यावरच त्यांचे आयुष्य थांबते, तर कोट्टक्कलचे आणखी एक चांगले वैद्य एवढीच त्यांची ओळख राहिली असती. परंतु त्यांना डोळ्यांचा विकार जडला. उपचारासाठी ते मंजेरी येथील सरकारी दवाखान्यात गेले. तेथील डॉक्टर व्ही. वर्गीस हे विद्वान व मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांच्या उपचाराने गुण तर आलाच, शिवाय या तरुण वैद्याची जिज्ञासा पाहून डॉक्टरांनी त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतले. वारियर यांनी इंग्रजी शिकण्यास प्रारंभ केला आणि सुमारे तीन वर्षे त्या दवाखान्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतले. अस्थी, स्नायू व रक्तवाहिन्या यांची रचना, जखमेची निगा, लहानसहान शस्त्रक्रिया, औषधांची मात्रा वजनाने मोजण्याची पद्धत हे सारे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

त्या काळच्या वैद्याला ही पायरी चढणे सोपे नव्हते. एकीकडे परकी विद्या घेतली म्हणून स्वकीयांचा संशय, दुसरीकडे कोणतीही सनद मिळणार नाही हे ठाऊक. वारियर यांनी हे शिक्षण डॉक्टर होण्यासाठी घेतलेच नाही. दवाखान्यात त्यांना जे दिसले ते असे, की सरकारी वैद्यकाचे सामर्थ्य केवळ औषधांत नाही. एकसारखे शिक्षण, एकसारख्या परीक्षा, तयार औषधांचा साठा, रोग्यांच्या नोंदवह्या आणि गरिबालाही उघडे असलेले दार, यांत ते आहे. यांपैकी एकही गोष्ट आयुर्वेदाच्या तत्त्वाविरुद्ध नाही. केवळ आयुर्वेदाच्या घरी ती नव्हती. पुढील चाळीस वर्षांत त्यांनी जे उभारले ते सर्व या एका निरीक्षणातून निघाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिली अडचण औषधांची. वैद्याने कागदावर वा ताडपत्रावर योग लिहून द्यावा आणि रोग्याच्या माणसांनी मुळ्या, साली, पाने गोळा करून घरी काढा उकळावा किंवा तेल सिद्ध करावे, अशी पद्धत होती. राजवाड्यात वा जमीनदाराच्या वाड्यात हे जमे. मजूर माणसाने तीस-चाळीस द्रव्ये कोठून आणावी? बाजारात मिळणारे द्रव्य खरे की त्याच्यासारखे दिसणारे दुसरेच, हे कोण ओळखणार? शिवाय दशमूळारिष्टासारखा एकच योग दहा घरी दहा प्रकारचा व्हायचा, आणि गुण आला नाही तर दोष शास्त्राच्या माथी. यावर उपाय म्हणून वारियर यांनी १२ ऑक्टोबर १९०२ रोजी कोट्टक्कल येथे आर्यवैद्यशाळेची स्थापना केली. वय तेहतीस. शास्त्रोक्त औषधे जाणत्या देखरेखीखाली एकाच प्रमाणाने तयार करून ती रोख किमतीने विकावयाची, असा हा व्यवहार. काढा दोन दिवसांत आंबतो. परंतु आसव, अरिष्ट, तेल, घृत, लेह व गुटिका टिकतात. त्यांवर आधी भर देण्यात आला. दूरच्या रोग्याने पत्राने लक्षणे कळवावीत आणि औषध टपालाने मागवावे, अशीही सोय झाली.

वैद्याने औषधाचे दुकान मांडावे हे अनेकांना रुचले नसेल, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडेही वैद्याला दक्षिणा देत, किंमत देत नसत. परंतु दक्षिणेवर पाठशाळा चालत नाही. वैद्यशाळेचा नफा हाच पुढे विद्यादानाचा आणि धर्मार्थ रुग्णालयाचा आधार ठरला. वर्गणीच्या याद्या घेऊन वारियर यांना फारसे हिंडावे लागले नाही. हिशेबाच्या वहीचे मोल ज्याला कळते त्याला या योजनेतील दूरदृष्टी वेगळी सांगावी लागणार नाही.

याच सुमारास त्यांनी वैद्यांना एकत्र आणण्यासाठी आर्यवैद्य समाज स्थापन केला. झामोरीन घराण्याचा त्याला आश्रय होता. समाजाच्या संमेलनांत वैद्य एकमेकांसमोर आपले अनुभव मांडू लागले. जे वैद्य शेजारच्या वैद्यापासून योग लपवीत, त्यांना एका मांडवात बसवणे ही गोष्ट लहान नव्हे. नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, त्याच्या काही वर्षे आधीचे हे कार्य आहे. देशाच्या दोन टोकांस दोन माणसांना एकच निकड जाणवावी, यावरून तिची तीव्रता ध्यानी येते. १९०३ साली वारियर यांनी धन्वंतरी हे मल्याळम मासिक सुरू केले व ते वीस वर्षांहून अधिक काळ चालले. त्यांचे आप्त व प्रसिद्ध पंडित पी. व्ही. कृष्ण वारियर यांचे या साहित्यिक कामात मोठे साहाय्य होते. १९०७ साली चिकित्सासंग्रह हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यशाळेतील औषधे कोणत्या रोगात, कोणत्या अवस्थेत व कशी द्यावीत याचे विवेचन आहे. म्हणजे ज्या योगांवर घराण्याची चूल पेटते ते योग छापून चार आण्या-आठ आण्यांच्या पुस्तकात सर्वांच्या हाती द्यावयाचे, असाच तो प्रकार. वारियर यांचा हिशेब वेगळा होता. औषधाचा पाठ कळल्याने वैद्य संपत नाही. तो कळला नाही तर मात्र वैद्यक संपते.

तथापि काळ अनुकूल नव्हता. मुंबई इलाख्यात १९१२ साली आणि मद्रास इलाख्यात १९१४ साली वैद्यक-नोंदणीचे कायदे झाले. नोंदणी पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांचीच. वैद्य-हकीम त्या वहीबाहेर. नोंदलेल्या डॉक्टराने आयुर्वेदाच्या शाळेत शिकविले तर त्याच्यावरही बालंट येण्याचा संभव. पुढे मद्रास सरकारने देशी औषधांची तपासणी करण्यासाठी डॉ. कोमन यांना नेमले. १९१८ पासून चाललेल्या त्या कामाचे अहवाल आयुर्वेदाला प्रतिकूल निघाले आणि वैद्यमंडळींत मोठा क्षोभ झाला. सभा झाल्या, निषेधाचे ठराव झाले. असल्या आक्षेपाला खरे उत्तर ठरावाने देता येत नाही. शिकलेला, परीक्षा दिलेला, शरीर पाहिलेला वैद्य उभा करणे हेच त्याचे उत्तर, आणि कोमन यांची नेमणूक होण्यापूर्वीच वारियर यांनी ते काम हाती घेतले होते.

१४ जानेवारी १९१७ रोजी कालिकत येथे आर्यवैद्य पाठशाळा उघडण्यात आली. या पाठशाळेचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण वारियर यांच्या आयुष्याचे सार तेथे साठले आहे.

गुरुगृही शिक्षणाला मुदत नसे; गुरू म्हणतील तेव्हा विद्या पुरी. पाठशाळेत वर्षे ठरलेली, प्रत्येक वर्षाचे विषय ठरलेले आणि वर्षाअखेर परीक्षा. अष्टांगहृदय हा पाया कायम होताच. त्याशिवाय शरीररचना, शरीरक्रिया, शस्त्रकर्म व प्रसूतितंत्र यांचे आधुनिक शिक्षण अभ्यासक्रमात घालण्यात आले. अभ्यास पुरा करणारास आर्यवैद्यन् ही पदवी मिळे. गुरुगृही प्रवेश मिळावयाचा तो कुळ पाहून. पाठशाळेचे दार जात, धर्म वा स्त्री-पुरुष असा भेद न करता उघडे ठेवण्यात आले. १९१७ सालचा मलबार ज्यांनी वाचला-ऐकला आहे त्यांनाच या वाक्याचे वजन कळेल. ज्या प्रदेशात काही जातींच्या माणसांनी उच्चवर्णीयांपासून किती पावले दूर उभे राहावे याचे नियम होते, त्या प्रदेशात एकाच बाकावर बसून वाग्भटाचे श्लोक म्हणावयाचे होते. वास्तविक मलबारात ईळव आदी समाजांत उत्तम वैद्य पूर्वापार होते. प्रारंभी उल्लेखिलेला इट्टी अच्युतन त्याच समाजाचा. त्यांची विद्या व ब्राह्मण घराण्यांची विद्या एकमेकींस भेटत नव्हत्या, एवढेच. पाठशाळेने ती भेट घडविली.

एक अडचण मात्र राहिली. शिकविण्यास ग्रंथ नव्हता. संहितांमधील शारीरस्थान संक्षिप्त आहे आणि त्यातील पुष्कळ संज्ञांचा अर्थ टीकाकारांनाही निश्चित करता आलेला नाही. इंग्रजी पुस्तक हाती द्यावे तर संस्कृतात वाढलेल्या विद्यार्थ्याला ते दुर्बोध, आणि त्यातील शब्दांचा आयुर्वेदाशी मेळ नाही. बंगालमध्ये महामहोपाध्याय गणनाथ सेन यांनी १९१३ साली प्रत्यक्षशारीरम् लिहून या दिशेने आरंभ केलेला होता. वारियर यांनी अष्टांगशारीरम् हा संस्कृत ग्रंथ रचला. तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. मंजेरीच्या दवाखान्यात जे पाहिले-शिकले ते वाग्भटाच्या परिभाषेत बसविण्याचा हा प्रयत्न होय. यावर ते थांबले नाहीत. त्याहून विस्तृत असा बृहच्छारीरम् हा ग्रंथ १९४२ साली, त्यांच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, बाहेर पडला. मंजेरीस शिकलेला धडा या माणसाने पन्नास वर्षे पुरवला.

शुद्ध आयुर्वेद शिकवावा की मिश्र, हा वाद पुढे देशभर गाजला आणि आपल्या महाराष्ट्र-गोमंतकातील वैद्यांनाही त्याने पुष्कळ दमविले. शुद्धपक्षाचे म्हणणे असे, की परके शास्त्र वर्गात आले की विद्यार्थी अर्धा डॉक्टर व अर्धा वैद्य होतो आणि धड कोणीच होत नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. कित्येक ठिकाणी तसे झालेही. पण वारियर यांच्या पाठशाळेस तो पूर्णांशाने लागू करता येत नाही. त्यांनी चिकित्सा बदलली नाही. तेलाची धार, पिळिच्चिल, नवरक्किळि हे केरळीय उपचार, काढे आणि पथ्य जसेच्या तसे ठेवले; शरीराचे ज्ञान तेवढे नव्याने घेतले. शव पाहून शरीर जाणावे असे सुश्रुतानेच सांगितलेले आहे. तेव्हा यात परक्याची उसनवारी किती आणि विसरलेल्या घरच्या वस्तूची वसुली किती, हे सांगणे कठीण.

पाठशाळा चार वर्षांची होते न होते तोच ऑगस्ट १९२१ मध्ये मलबारात मापिळा बंड उसळले. एर्नाड हा त्याचा मध्य आणि कोट्टक्कल त्याच परिसरात. जाळपोळ झाली, देवळे व घरे लुटली गेली, हजारो कुटुंबे जीव घेऊन पळाली. मागाहून लष्करी कायदा आला आणि त्याच्या हातून मापिळांचीही दैना झाली. नोव्हेंबर महिन्यात जवळच्या तिरूर स्थानकावरून बंद वाघिणीतून नेलेल्या कैद्यांपैकी सुमारे ७० जण गुदमरून मेले. अशा वेळी संपन्न हिंदू गृहस्थाने कोट्टक्कल सोडून जावे हे शहाणपणाचे ठरले असते. वारियर जागचे हलले नाहीत. आश्रयास आलेल्यांना त्यांनी अन्न आणि आसरा दिला, हिंदूला दिला तसाच मुसलमानालाही. वैद्यशाळेला कोणी धक्का लावला नाही. वीस वर्षे ज्या दारात मापिळा शेतकरी औषधासाठी येऊन बसत, ते दार त्या धामधुमीतही ओळखीचेच राहिले असावे. त्यांच्या कैलासमंदिर या निवासस्थानावर हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती या तिन्ही धर्मांची चिन्हे कोरलेली आहेत. पाहुण्यांना ती शोभेची वाटतात. १९२१ साल ठाऊक असणारास ती तशी वाटत नाहीत.

१९२४ साली पाठशाळा कालिकतहून कोट्टक्कल येथे आणण्यात आली आणि त्याच वर्षी तेथे धर्मार्थ रुग्णालय सुरू झाले. शहर सोडून सुमारे पन्नास किलोमीटर आत खेड्यात महाविद्यालय नेणे हे वरवर पाहता उलटे पाऊल. परंतु कोट्टक्कल येथे औषधशाळा होती, वनस्पती होत्या आणि आता गरीब रोग्यांनी भरलेले रुग्णालयही झाले. विद्यार्थ्याने सकाळी पाठ ऐकावा, दुपारी तोच रोग खाटेवर पाहावा आणि त्याचे औषध शिजताना भट्टीजवळ उभे राहावे, असा योग कालिकतच्या भाड्याच्या जागेत कोठून येणार? गुरुगृहातील जे उत्तम होते ते या रीतीने वर्गात परत आले. धर्मार्थ रुग्णालयात आयुर्वेदाबरोबर पाश्चात्त्य उपचारांचीही व्यवस्था होती. मद्रास सरकारने स्वतःची देशी वैद्यकशाळा मद्रास शहरात १९२५ साली काढली. तोवर वारियर यांची पाठशाळा आठ वर्षांची झाली होती.

वैद्यकाबाहेरचा त्यांचा एक छंद सांगितल्याशिवाय हे चरित्र अपुरे राहील. ते संगीताचे व नाटकाचे मोठे भोक्ते होते. १९०९ साली त्यांनी परमशिवविलासम् ही नाटकमंडळी काढली, तिच्यासाठी मल्याळममध्ये नाटके लिहिली आणि पदरमोडही केली. गोमंतकातील देवळांच्या मांडवात वाढलेल्या रसिकांना या वेडाचे नवल वाटणार नाही. पुढे नाटकाचा बहर ओसरल्यावर त्यांनी १९३९ साली कथकळीचा संघ स्थापन केला, पी. एस. व्ही. नाट्यसंघ या नावाने तो प्रसिद्ध आहे. कोट्टक्कल येथील विश्वंभर मंदिरात, म्हणजे धन्वंतरीच्या स्थानी, वार्षिक उत्सवात रात्र-रात्र कथकळी चालते. ज्यांचे पूर्वज देवासाठी हार गुंफीत, त्यांनी देवाची ही सेवा अशा रीतीने वाढविली.

१९३३ साली सरकारने त्यांना वैद्यरत्न ही पदवी दिली. ज्या सरकारच्या नोंदवहीत त्यांच्या विद्येला जागा नव्हती त्याच सरकारने हा किताब द्यावा, यातील विसंगती त्यांच्या लक्षात आली नसेल असे नाही. किताब त्यांनी स्वीकारला आणि कामाला लागले.

वृद्धापकाळी त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा होता, आणि तो कोणत्याही महाजनाला आपलासा वाटेल असा आहे. एवढे सारे उभारले, ते पुढे कोणाचे? मातृवंशाच्या रिवाजाप्रमाणे मिळकत तरवाडात, म्हणजे आईकडील एकत्र कुटुंबात मिसळावयाची. तेथे वाटेकरी अनेक. वाटणी झाली की भट्ट्या एकाच्या, पुस्तके दुसऱ्याची, आणि ज्याच्या वाट्यास नुसता खर्च येतो ते रुग्णालय व पाठशाळा कोणाचीच नाहीत. अशा वाटण्यांत देवस्थानांच्या मिळकती कशा विरघळल्या याची उदाहरणे आपल्याकडे शोधावी लागत नाहीत. वारियर यांनी १९३९ साली मृत्युपत्र केले आणि वैद्यशाळा विश्वस्तमंडळाच्या स्वाधीन केली. संस्था कोणाच्या मालकीची नाही. तिच्या उत्पन्नातून संस्थेची वाढ व्हावी, धर्मार्थ रुग्णालय व पाठशाळा चालावी आणि कुटुंबीयांनाही ठरलेला भाग पोचावा, अशी त्यातील व्यवस्था. कुटुंबाला त्यांनी वगळले नाही आणि सर्वस्वही दिले नाही. कागद इतका काळजीपूर्वक केलेला, की संस्था आजही त्याच मृत्युपत्राच्या आधारे चालते. त्यांच्या ग्रंथांची थोरवी पंडितांनी ठरवावी; या दस्तऐवजाची थोरवी मात्र ज्याने जन्मभर कचेरीतील कागद हाताळले त्याला अधिक कळेल.

३० जानेवारी १९४४ रोजी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी वैद्यरत्न शंकुण्णि वारियर यांचे देहावसान झाले. पश्चात त्यांचे भाचे पी. माधव वारियर यांनी कारभार हाती घेऊन तो वाढविला. परंतु १९५३ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला. तेव्हा जबाबदारी आली ती त्यांचे धाकटे बंधू पी. के. वारियर यांच्यावर. हे त्याच पाठशाळेचे विद्यार्थी. १९४२ च्या चळवळीत शिक्षण टाकून ते बाहेर पडले होते आणि काही काळाने परत येऊन त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. मामांनी घालून दिलेल्या रीतीने परीक्षा देऊन झालेला हा वैद्य साडेसहा दशकांहून अधिक काळ संस्थेचा प्रमुख राहिला आणि १० जुलै २०२१ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, कोट्टक्कल येथेच निवर्तला. कालिकतला १९१७ साली उघडलेली पाठशाळा आता वैद्यरत्नम् पी. एस. वारियर आयुर्वेद महाविद्यालय या नावाने कोट्टक्कलजवळ एडरिक्कोड येथे चालते.